उजेडाचा पत्रा

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये वळवाचा पहिला पाऊस आत येतो तो ठरलेल्या चार जागांवर. एक थेंब लेथच्या बेडवर, एक ड्रिल मशीनपाशी, उरलेले दोन वाटेत. आजोबांच्या काळापासून तिथं डालड्याचे डबे ठेवलेले असायचे, आता रंगाच्या बादल्या असतात. गळणारी जागा दरवेळी एकच, लोखंडी पत्र्यांच्या मध्ये बसवलेला पारदर्शक पत्रा. आमच्याकडं त्याला उजेडाचा पत्रा म्हणतात.

"उजेड पाहिजे तर थोडं पाणी घ्यावंच लागतंय," बाबा म्हणायचे. लहानपणी मला हे निसर्गाच्या नियमासारखं वाटायचं. गेल्या वर्षी शेडचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला, खरंच घ्यावं लागतं का?

माझ्या आजीच्या भुदरगडातल्या घरात तर तसं नव्हतं. स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोन काचेची कौलं होती. सकाळी त्यातून उन्हाचा पट्टा उतरायचा, धूर त्यात निळा दिसायचा. तिकडं आषाढात पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, पण ती कौलं गळल्याचं कुणाला आठवत नाही.

ही कौलं मंगलोरी घाटाची. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरमध्ये कौलांचा कारखाना काढला आणि एकात एक अडकणारं चपटं कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरलं. काचेचं कौल त्याच मापाचं. मातीचं एक काढायचं, काचेचं ठेवायचं. त्याला खिळा नाही की डांबर नाही. उन्हानं फुगलं तर फुगायला जागा, थंडीनं आकसलं तर आकसायला जागा. ही मोकळीक लक्षात ठेवा, पुढं सगळी गोष्ट तिच्यावरच येते.

पन्हळी पत्रा त्याच्याआधीचा, पण आपल्याकडं रुळायला उशीर लागलेला. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या इंजिनिअरनं १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. पातळ लोखंडाला घड्या घातल्या की ते ताठ होतं, वासे कमी लागतात, एवढीच कल्पना. गंजाचा प्रश्न १८३७ च्या सुमारास जस्ताच्या मुलाम्यानं सुटला. हलका, एकावर एक रचून जहाजात भरता येणारा हा माल जगभर गेला.

कोल्हापुरात १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली. १८९५ साली शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला. १९०६ साली शाहू मिल उभी राहिली. गूळ, सूत, कापड, पुढं उद्यमनगरातली ऑइल इंजिनं आणि सुटे भाग. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, मोठं छप्पर. आणि ओल यांतल्या कुणालाच चालत नाही. गूळ पाणी सुटून चिघळतो, कापडावर डाग पडतो, घासलेल्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस थर येतो.

पण छप्पर रुंद झालं की मध्यभागी अंधार साचतो. भिंतीच्या खिडकीचा उजेड चार-पाच मीटरच्या पुढं कामाचा राहत नाही. मोठ्या कापड गिरण्यांनी याला करवतीच्या दातांसारखं छप्पर शोधलं. दाताची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, म्हणजे उजेड येतो, ऊन येत नाही. काच उभी असल्यानं पाणी तिच्यावर ठरत नाही. आमच्यासारख्या बारक्या कारखानदारांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी आजीचीच युक्ती वापरली, एक पत्रा काढायचा आणि त्याच पन्हळीचा पारदर्शक पत्रा घालायचा. आधी काचतंतू आणि पॉलिएस्टरचा फायबर पत्रा आला. मग पॉलिकार्बोनेट. ते १९५३ साली जर्मनीत बायर आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक या दोन कंपन्यांच्या प्रयोगशाळांत वेगवेगळं सापडलं होतं.

युक्ती आजीची, पण मोकळीक गेली. पत्रा स्क्रूनं आवळून बसवतात. लोखंडाचा दहा फुटी पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या तापापर्यंत, म्हणजे चाळीसेक अंशांच्या फरकानं, साधारण दीड मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा वाढतो जवळजवळ आठ मिलिमीटर. दोघांना एकाच मापाच्या भोकातून जखडलं की रोज ओढाताण. प्लास्टिकच हरतं. भोक लांबट होतं, कडेला तडा जातो, वॉशर कलतो. मग जूनमध्ये आपण म्हणतो, पत्रा गळायला लागला.

आम्ही त्यावर तीस वर्षं काय केलं? डांबर फासलं. डांबर उन्हात वितळलं, थंडीत फुटलं, पुढच्या वर्षी पुन्हा फासलं. १९९८ च्या मे महिन्यात ते फासायलाच बाबा वर चढले होते. जुना फायबर पत्रा धुळीनं आणि काजळीनं इतका मळला होता की लोखंडाच्या पत्र्यात आणि त्याच्यात वरून फरक दिसत नव्हता. पाय पडला आणि ते सरळ खाली आले. खाली लोखंडी कीसाचा ढीग होता म्हणून जगले. उजवा पाय अजून पूर्ण वाकत नाही. मी तेव्हा चौथीत होतो. मला फक्त आठवतं ते छपरातलं माणसाएवढं भोक आणि त्यातून जमिनीवर पडलेलं लख्ख ऊन.

१९४८ च्या कारखाना कायद्याचं सतरावं कलम मी खूप नंतर वाचलं. छपरातल्या उजेडाच्या काचा आतून आणि बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. कामगाराच्या डोळ्यांची काळजी म्हणून. स्वच्छ पत्रा वर चढणाऱ्यालाही वाचवतो, हे बाबांच्या पायानं मला शिकवलं.

या एप्रिलमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्या मामांना बोलावलं. मी शिडीवरून पुढं सरकलो तसे ते ओरडले, "ए भावा, फळीवर! पत्र्यावर पाय न्हाई द्यायचा, नवा असला तरी." कंबरेला दोर, दोर कैचीला बांधलेला, आणि पाय फक्त पर्लिनवर टेकवलेल्या फळ्यांवर. आधी प्रत्येक भोकाखाली लोखंडी जाळी बसवली. मग जुने पत्रे उतरवले.

बाकीचं काम खरं तर साधं होतं. साडेपाच मिलिमीटरच्या स्क्रूला १४ मिलिमीटरचं भोक, वर ते पूर्ण झाकणारा मोठा रबरी वॉशर. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, खोलगटात नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. आवळायचा तो वॉशर बसेपर्यंत, चेपेपर्यंत नाही. जोडावर डांबराऐवजी ब्यूटाइलची चिकटपट्टी, जी ताणली तरी सुटत नाही. आणि पत्र्यावर पत्रा चढवताना उघडं तोंड पूर्वेला, कारण आपला पाऊस पश्चिमेकडून मारतो.

"एवढं मोठं भोक?" बाबा खालून म्हणाले. "पाणी शिरंल की."

"शिरत न्हाई, मालक," मामा म्हणाले. "त्याला हलू दिलं की ते गळत न्हाई."

जूनमध्ये पाऊस लागला. बाबा सकाळीच शेडमध्ये येऊन बसले होते. तीन जागा कोरड्या होत्या. चौथ्या जागी, ड्रिल मशीनपाशी, अजून थेंब पडत होता. वर बघितलं तर तो उजेडाच्या पत्र्याचा नव्हता, शेजारच्या लोखंडी पत्र्याला गंजून भोक पडलं होतं. इतकी वर्षं आम्ही नाव भलत्याच पत्र्याचं घेत होतो.

बाबांनी लेथवरची बादली उचलली, कोरडी आहे का ते हात घालून बघितलं आणि ती ड्रिलपाशी नेऊन ठेवली. मग मशीनवरचा दिवा बंद केला. सकाळचे दहा वाजले होते, त्याची गरज नव्हती.