तळटीप : वेब्ली मार्क ६ आणि ‘हलकी काडतुसे’

* हलकी काडतुसे : वेब्ली मार्क ६ हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारले. त्याचे मूळ काडतूस .४५५ बोअरचे होते; त्यातली २६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी सेकंदाला जेमतेम ६०० फूट वेगाने जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पुष्कळ रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत विकली गेली. .४५५ ची काडतुसे तिथे सहज मिळत नसत, म्हणून चक्राची (सिलिंडरची) मागची कड तासून त्यात .४५ एसीपी काडतुसे बसतील अशी सोय केली गेली. तीन-तीन काडतुसे अर्धचंद्राकृती पट्टीत अडकवून ती चक्रात घालतात.

खरा धोका इथेच आहे. काडतूस चक्रात नीट बसले म्हणजे ते त्या शस्त्राला मानवेलच असे नाही. कारखान्यातल्या .४५ एसीपीचा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त असतो, आणि त्याने चक्र फुटू शकते. म्हणूनच जाणकार या रिव्हॉल्व्हरसाठी मऊ शिशाची गोळी आणि मूळ काडतुसाइतकाच सौम्य दाब ठेवून काडतुसे भरतात; हीच ‘हलकी काडतुसे’. दारूचे प्रमाण अंदाजाने ठरवत नाहीत. छापील, तपासलेल्या तक्त्यांवरूनच घेतात. तत्पूर्वी शस्त्र बंदूक-कारागिराकडून तपासून घेतात.

जुने शस्त्र हाती आलेल्या वाचकाने आधी चक्राची मागची कड पाहावी. ती तासलेली दिसली, तर कारखान्यातले .४५ एसीपी काडतूस त्यात कधीही घालू नये. — संपादक