चिंचेचा पाला आणि चित्रपुस्तकांतील महाबली

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात महंमद घौसच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची लहानशी कबर आहे. तिच्याजवळच्या चिंचेचा पाला चावला की गळ्यात सूर उतरतो, अशी जुनी समजूत. गेल्या खेपेस आम्ही तेथे गेलो, तेव्हा सोबत दहा वर्षांचा पुतण्या होता आणि त्याच्या काखेत एका महाबली नायकाचे रंगीत चित्रपुस्तक होते. अशा स्थळी हे कसले थेर, म्हणून आम्ही ते हिसकावून घेतले. पोराने एवढेच विचारले, “काका, तुम्ही ते वाचलंत का?” आम्ही वाचले नव्हते. आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, असे न्यायालयात वीस वर्षे सांगत आलेल्या आम्हांस घरच्याच खटल्यात त्याचा विसर पडला. प्रस्तुत लेख ही त्या खटल्याची फेरसुनावणी होय.

असा घाईचा निकाल देणारे आम्ही पहिलेच नव्हे. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन अवतरला आणि त्यामागून महाबलींची रांगच लागली. १९५४ साली वर्थम नामक मानसोपचारतज्ज्ञाने या पुस्तकांवर मुले बिघडविल्याचा आरोप ठेवला, सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली आणि प्रकाशकांनी भीतीने स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. इंग्लंडने १९५५ साली कायदा केला. आपल्या संसदेनेही १९५६ साली तरुणांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. गुन्हे, क्रौर्य व किळसवाणे प्रसंग रंगविणाऱ्या कथापुस्तकांवर त्याचा रोख होता. परंतु त्याची खरी मख्खी निराळीच आहे. एखादे चित्र भडक आहे की नाही, एवढ्यावर तो थांबत नाही. ते प्रकाशन समग्रपणे पाहता वाचणाऱ्या तरुणास बिघडविण्याकडे झुकते काय, असे तो विचारतो.

ही कसोटी आपणांस परकी नाही. देवळात कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाने रक्तपाताच्या कथा काय थोड्या ऐकल्या आहेत? हिरण्यकशिपूचे पोट फाडलेले ऐकून कोणी बिघडला नाही. कारण उत्तररंगातील आख्यान पूर्वरंगातील निरूपणाच्या आज्ञेत चालते. बळ मारुतीपाशी होते आणि भस्मासुरापाशीही होते. एकाने ते सेवेस लावले. दुसऱ्याने वर मिळताच तो देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवावयास धावला. चित्रपुस्तकांच्या महाबलींना आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत: हे बळ कोठून आले, आणि कोणाच्या सेवेस लागले?

आपल्याकडे या नायकांची रीतसर ओळख करून दिली ती टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने, १९६४ साली. ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला आणि घराघरांत शिरला. त्याच्यात अलौकिक शक्ती नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शपथ होती; हा त्याचा गुण. परंतु काळ्या वनवासींचे रक्षण गोऱ्या पुरुषाच्या पिढ्यांनीच करावे, ही त्यातील गृहीत गोष्ट स्वतंत्र देशाच्या मुलांनी निमूट गिळावी, हे आम्हांस आजही खटकते.

या मालिकेच्या आरंभी सहभाग असलेले कार्कळचे कोंकणी भाषक अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत ग्रीक देवतांची माहिती सांगणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. राम वाईरकरांनी रेखाटलेला ‘कृष्ण’ हा तिचा पहिला भारतीय नायक. हिचे उपकार मोठे. तरीही देव गोरे आणि असुर काळे रंगविण्याची तिची खोड निर्दोष म्हणता येणार नाही. सावळ्या विठ्ठलाच्या भक्तांनी तरी ती ओळखावी.

पुढची पिढी दिल्लीच्या राज कॉमिक्सची. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील मुलांनी ती हिंदीतून वाचली. १९८६ साली आलेला नागराज आरंभी एका दुष्ट शास्त्रज्ञाने घडविलेले भाडोत्री हत्यार होता. देवीची सुवर्णमूर्ती चोरावयास तो मंदिरात जातो, तेथे बाबा गोरखनाथ त्याला त्या दास्यातून सोडवितात आणि चोराचा रक्षक होतो. वाल्याचा वाल्मीकी झालेला ज्या समाजाने पाहिला, त्यास हे कथानक परके वाटू नये. १९८७ साली अनुपम सिन्हांनी आणलेला सुपर कमांडो ध्रुव त्याहून आम्हांस प्रिय. तो सर्कशीत वाढलेला, आईबाप आगीत गमावलेला मुलगा. कसरत, अभ्यास आणि बुद्धी हीच त्याची शस्त्रे. आमच्या मते सर्वोत्तमाचा मान त्याचा.

नव्या शतकातील काही प्रयोग मात्र वेशांतरावरच थांबले. २००४ सालचा भारतीय स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, मुंबईत राहतो, धोतर नेसतो आणि त्याला शक्ती देतो एक योगी. पण कथेचा सांगाडा अमेरिकेचाच राहतो. याउलट २०१४ सालच्या ‘प्रियाज शक्ती’मध्ये अत्याचार सोसलेली तरुणी पार्वतीच्या प्रेरणेने वाघावर स्वार होऊन लोकांची मने बदलावयास निघते. येथे देवी ही केवळ शोभेची प्रभावळ राहत नाही. सर्वांत निकृष्ट आम्ही त्यांना म्हणू, ज्यांत देवदेवतांची नावे घेऊन केवळ ठोसे मोजले जातात आणि बळाला जाब विचारणारा कोणीच नसतो.

हजीऱ्याकडे वळू. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकावयास घर सोडून इतक्या दूर आले, वासुदेवबुवा जोशींपाशी राबले आणि ती विद्या महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. चिंचेचा पाला त्यांनी चावला की नाही, आम्हांस ठाऊक नाही. गळा मात्र रियाजानेच तयार झाला. पाल्याच्या आशेने पोर दारापर्यंत येते, हेही काही थोडे नव्हे. आत गेल्यावर त्याला रियाज सांगणारे कोणीतरी हवे, एवढेच. वाईट चित्रपुस्तक पाला देऊन सोडते, चांगले पुढचे दार दाखविते.

ते हिसकावलेले पुस्तक आम्ही रात्री वाचून काढले. ध्रुवाचेच होते. सकाळी पुतण्यास परत दिले, आणि त्याचा पुढील भाग कोठे मिळेल, तेही विचारून घेतले.