घरासाठी छोटा इंकजेट प्रिंटर घेताय? आधी एका पानाचा खर्च काढा

मुलांचे प्रोजेक्ट, आधारची प्रत, परीक्षेचं हॉलतिकीट... दर वेळी झेरॉक्सच्या दुकानात जायचा कंटाळा आला की घरीच प्रिंटर घ्यावासा वाटतो. पण सगळ्यात स्वस्त प्रिंटर पुढे सगळ्यात महाग पडू शकतो. असं का होतं?

कार्ट्रिज की इंक टँक?

इंकजेटचे मुख्य प्रकार दोन. कार्ट्रिजचा प्रिंटर आकाराने लहान आणि किमतीला कमी असतो, पण शाई महाग पडते. इंक टँकमध्ये बाटलीतून शाई भरायची असते. हा प्रिंटर महाग, पण छपाई स्वस्त.

एक हिशोब करून बघू. समजा, ८०० रुपयांच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये १६० पानं निघतात. म्हणजे एका पानाला ५ रुपये. ४०० रुपयांच्या बाटलीत ४,००० पानं निघाली, तर पानाला फक्त १० पैसे. आता टँकचा प्रिंटर ७,००० रुपयांनी महाग असेल, तर तो फरक साधारण १,४३० पानांत भरून निघतो. महिन्याला ६० पानं छापणाऱ्या घरात याला दोन वर्षं लागतील. महिन्याला १० पानं छापत असाल, तर जवळपास बारा वर्षं!

हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमच्या पसंतीच्या मॉडेलची शाईची किंमत आणि पानांची संख्या घालून हाच हिशोब करा. कंपनी सांगते ती पानांची संख्या सलग छपाईची असते. घरी अधूनमधून छापताना हेड साफ करण्यातही शाई जाते, त्यामुळे पानं कमीच निघतात.

शाई सुकते, मग काय?

इंकजेट नुसता पडून राहिला की नोझलमध्ये शाई सुकते. काही कार्ट्रिजमध्ये प्रिंट हेड त्यातच असतं, त्यामुळे कार्ट्रिज बदललं की काम होतं. टँकच्या अनेक मॉडेल्समध्ये हेड मशीनमध्येच बसवलेलं असतं आणि दुरुस्तीला बराच खर्च येतो. म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान छापा. प्रिंटर बंद करताना थेट प्लग काढू नका, आधी त्याचंच बटण दाबा. त्याने हेड झाकलं जातं.

घेण्यापूर्वी हे तपासा

• जागा: ट्रे उघडल्यावर आणि स्कॅनरचं झाकण वर केल्यावर किती जागा लागते, ते मोजा.
• वाय-फाय: अनेक स्वस्त मॉडेल्स फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात.
• दोन्ही बाजूंनी छपाई: आपोआप होते की पान हाताने उलटावं लागतं?
• शाई: जवळच्या दुकानात मिळते का?
• सर्व्हिस: तुमच्या गावात किंवा तालुक्याला सेंटर आहे का?

थोडक्यात, दर आठवड्याला भरपूर छापत असाल तर इंक टँक घ्या. थोडंच पण नियमित छापत असाल तर कार्ट्रिज. आणि वर्षाला पाच-पन्नास पानंच लागत असतील, तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकानच परवडेल.