सातपूरचं बिल आणि डॉलरचा ओघ

मागच्या वेळी आपण जून १९६६ पर्यंत आलो होतो. सरकारने एका आदेशाने डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला होता. आज २००७ कडे येऊ. या वेळी कोणी आदेश काढला नाही, आणि रुपया उलट दिशेने गेला, वधारला.

सातपूर एमआयडीसीतला एखादा लघुउद्योजक डोळ्यांपुढे आणा. समजा, यंत्रांचे सुटे भाग अमेरिकेला पाठवायचा १ लाख डॉलरचा सौदा त्याने केला. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ४४ च्या आसपास, म्हणजे ४४ लाख रुपये. वर्ष सरताना डॉलर साडेएकोणचाळीसच्या घरात. त्याच मालाचे साडेचार लाख कमी! दहा टक्के नफा धरला असेल तर तो सगळा गेला. लेथ तेच, कामगार तेच. मग बदललं काय?

देशात येणारं भांडवल. २००६-०७ मध्ये निव्वळ सुमारे ४५ अब्ज डॉलर आले, पुढच्या वर्षी १०७ अब्जांच्या आसपास. काही शेअर बाजारात, काही कंपन्यांच्या परदेशी कर्जातून. हे डॉलर देऊन लोक रुपये मागणार, म्हणजे रुपया चढणार. तो रोखायचा तर रिझर्व्ह बँकेने डॉलर विकत घ्यायचे. आणि ते घ्यायचे कशाने? नव्या रुपयांनी.

इथे आपण नाशिककर हमखास फसतो. नोटा १९२८ पासून नाशिकरोडला छापल्या जातात, म्हणून पैसाही तिथेच वाढतो असं वाटतं. तसं नाही. डॉलर घेतल्यावर रिझर्व्ह बँक समोरच्या बँकेच्या खात्यात रुपये जमा करते. पैसा वाढतो तो तिथे, वहीत.

पैसा वाढला की महागाईची भीती. म्हणून गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांच्या काळात तो शोषूनही घेतला गेला. २००४ च्या बाजार स्थिरीकरण योजनेखाली रोखे विकले, त्यांचं व्याज सरकारच्या माथी. रोख राखीव प्रमाण वर्षभरात ५ वरून साडेसात टक्क्यांवर गेलं. म्हणजे सातपूरवाल्याचं बिल आटलं, वर खेळतं भांडवलही महाग. जुलै २००७ मध्ये सरकारने छोट्या निर्यातदारांना २ टक्के व्याजसवलत दिली. साडेचार लाखांच्या खड्ड्यात ती कितीशी पुरणार? युरोत बिल करणाऱ्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना मात्र झळ कमी लागली, कारण डॉलर तेव्हा युरोपुढेही घसरत होता.

तरीही डॉलर घेत राहणं योग्यच होतं, असं आपण म्हणू. मार्च २००८ पर्यंत गंगाजळी ३१० अब्जांजवळ गेली. त्याच सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, आलेलं भांडवल परत निघालं, आणि तो साठा कामी आला. मार्च २००९ मध्ये डॉलर ५१ रुपयांच्या आसपास होता. सातपूरच्या निर्यातदाराला हवा होता त्याहून कितीतरी चांगला भाव. पण तोवर अमेरिकेतली मागणीच आटली होती.