शेअर ब्रोकर निवडताना काय बघाल: कमी खर्च की ऑर्डरचा वेग?

‘झिरो ब्रोकरेज’ची जाहिरात बघून खातं उघडलं आणि पहिला शेअर विकल्यावर पाच-सहा प्रकारचे चार्जेस दिसले, असं बऱ्याच जणांचं होतं. म्हणूनच मित्रांनो, ब्रोकर निवडण्याआधी पैसे नक्की कुठे जातात आणि वेगाचा फायदा कोणाला होतो, ते आज समजून घेऊया.

कोणते चार्जेस सगळीकडे सारखे?

डिलिव्हरीत (शेअर घेऊन ठेवताना) खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१% एसटीटी लागतो. खरेदीवर ०.०१५% स्टॅम्प ड्युटी लागते. त्याशिवाय एक्स्चेंजचा चार्ज, सेबीची फी आणि १८% जीएसटी. हे कुठल्याही ब्रोकरकडे चुकत नाहीत. फरक पडतो तो ब्रोकरेज, शेअर विकताना लागणारा डीपी चार्ज आणि वार्षिक मेंटेनन्स (एएमसी) यात. डीपी चार्ज बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिसत नाही, तो लेजरमधून कापला जातो. त्यामुळे लेजरही उघडून बघा.

एक हिशोब करून बघू

समजा १०,००० रुपयांचे शेअर घेतले आणि काही महिन्यांनी त्याच भावाला विकले. डीपी चार्ज १५ रुपये अधिक जीएसटी धरू. एकूण खर्च साधारण असा येतो:

- डिलिव्हरीवर शून्य ब्रोकरेज: ४० रुपये
- प्रत्येक ऑर्डरला २० रुपये: ८७ रुपये
- ०.५% ब्रोकरेज: १५८ रुपये

रक्कम १ लाख झाली तर २० रुपयांचं ब्रोकरेज तेवढंच राहतं, पण ०.५% वाल्याचं जीएसटीसकट १,१८० रुपये होतं. उलट दर महिन्याला फक्त १,००० रुपयांचे शेअर घेणाऱ्याला २० रुपये म्हणजे खरेदीलाच २% खर्च! म्हणजे ‘स्वस्त’ ब्रोकर कोणता, हे तुमच्या ऑर्डरच्या रकमेवर ठरतं.

मग वेगाचं काय?

तुम्ही बटण दाबलं की ऑर्डर आधी ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते, तिथे खात्यात पुरेसे पैसे आहेत का ते तपासलं जातं आणि मग ती एक्स्चेंजकडे जाते. एक्स्चेंजवर आधी चांगला भाव आणि भाव सारखा असेल तर आधी आलेली ऑर्डर, असा क्रम असतो. पाच वर्षांसाठी शेअर घेणाऱ्याला अर्ध्या सेकंदाने काहीच फरक पडत नाही. इंट्राडे करणाऱ्याला मात्र पडतो. त्यातही खरा त्रास मिलिसेकंदांचा नसतो, सकाळी ९:१५ ला ॲप अडकण्याचा असतो.

आणखी एक गोष्ट. शेअरचा शेवटचा भाव २५० आहे आणि तुम्ही ५०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली. समोर विकणारे असे आहेत: २५०.१० ला १००, २५०.३० ला १५० आणि २५०.६० ला २५० शेअर. तुमची खरेदी सरासरी २५०.४१ ला होईल, म्हणजे अंदाजापेक्षा २०५ रुपये जास्त गेले. इथे ब्रोकर कितीही फास्ट असला तरी उपयोग नाही. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये लिमिट ऑर्डर टाका. कदाचित सगळे शेअर मिळणार नाहीत, पण भाव तुमच्या हातात राहील.

खातं उघडण्याआधी हे तपासा

- सेबीच्या वेबसाइटवर ब्रोकरची नोंदणी आहे का?
- डीपी चार्ज, एएमसी, फोनवरून ऑर्डरचा चार्ज आणि इंट्राडे पोझिशन ब्रोकरने बंद केल्यास लागणारा चार्ज किती?
- ॲप बंद पडलं तर ऑर्डर द्यायला फोन नंबर आहे का? तो आधी एकदा लावून बघा.

ॲप बंद पडेल म्हणून काही जण दुसऱ्या ब्रोकरकडेही खातं ठेवतात. ट्रेडरसाठी ते ठीक आहे. पण तुमचं बेसिक डिमॅट खातं (बीएसडीए) असेल तर थांबा. त्यात ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगवर एएमसी लागत नाही, पण ही सवलत एकच डिमॅट खातं असणाऱ्यालाच मिळते.

थोडक्यात, घेऊन ठेवणाऱ्याने आधी खर्च बघावा आणि रोज ट्रेड करणाऱ्याने आधी ॲपचा भरवसा. तुमच्या मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डर काढा आणि दोन ब्रोकरच्या दराने हिशोब करून बघा. उत्तर तिथेच मिळेल.