दिनविशेष : २६ जानेवारी १८८० – कड्यातून उतरलेल्या गाड्या

अमेरिकेतील युटामध्ये मॉर्मन पंथाच्या वसाहतकऱ्यांच्या पहिल्या गाड्या आजच्या दिवशी ‘होल इन द रॉक’ या खिंडीतून कोलोराडो नदीकडे उतरल्या. सुमारे २५० माणसे, ८३ गाड्या. कड्यातली अरुंद फट सुरुंग लावून रुंद केलेली. मागची चाके साखळीने जखडायची आणि दोर धरून गाडी आवरायची. एका ठिकाणी तर पाय ठेवायलाही जागा नव्हती. तिथे त्यांच्यातल्या बेंजामिन पर्किन्स यांनी खडकात भोके पाडून ओकच्या मेखा ठोकल्या आणि त्यांवर लाकूड-दगड रचून रस्ता केला. थक्क करणारीच करामत! सहा आठवड्यांचा प्रवास सहा महिने चालला. एप्रिलमध्ये ब्लफ गाव वसले. पण ती भूमी मुळात नावाहो, युट, पायुट लोकांची, हे विसरता कामा नये. वाटेचा खालचा भाग पुढे लेक पॉवेल जलाशयात बुडाला.