सिम्युलेटरची माहितीपुस्तिका : कागदावर की पडद्यावर?

संगणकावर विमान उडविण्याचा छंद पाहणाऱ्याला खेळ वाटतो. करणाऱ्याला तो थोड्याच दिवसांत अभ्यास वाटू लागतो. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे खऱ्या विमानाच्या हालचाली, उपकरणे, हवामान आणि धावपट्ट्या यांची संगणकावरील प्रतिकृती. जॉयस्टिक हाती आली की विमान हवेत जाते, हे खरे. पण ते ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या धावपट्टीवर उतरवायचे, तर पुस्तिका उघडल्यावाचून गत्यंतर नसते. साध्या सेस्ना विमानाची पुस्तिका काही शे पानांची असते. एअरबस किंवा बोइंगची अस्सल प्रतिकृती घेतल्यास तिच्यासोबत येणाऱ्या फायली त्याच्या कितीतरी पट असतात. ही पाने छापून घ्यावीत की पडद्यावरच वाचावीत, हा या छंदातला जुना वाद आहे.

भातकुली हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वऱ्हाडात ओळखले जाते ते जैन तीर्थक्षेत्रासाठी आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यासाठी. विमानाशी त्याचा संबंध कालपरवापर्यंत आकाशातून जाणारा आवाज ऐकण्यापुरताच होता. मात्र बडनेऱ्याजवळील बेलोरा येथील अमरावती विमानतळाचे १६ एप्रिल २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर-७२ विमान तेथे उतरले. त्याआधी २०२४ मध्ये एअर इंडियाने याच विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्थेची घोषणा केली होती. दरवर्षी १८० वैमानिक घडविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे आणि तिच्यासाठी पायपर कंपनीची ३१ एक-इंजिनी व डायमंड कंपनीची ३ दोन-इंजिनी विमाने मागविण्यात आली. त्यामुळे परिसरातल्या एखाद्या बारावीच्या मुलाने घरच्या संगणकावर सिम्युलेटर बसविले, तर त्यामागे केवळ करमणूक असेलच असे नाही. घरच्या सिम्युलेटरवरचे तास व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत धरले जात नाहीत, हे मात्र आधीच सांगितलेले बरे. तेथून नेता येते ती वाचनाची सवय. म्हणूनच काय वाचावे आणि कशावर वाचावे, या प्रश्नाला येथे जरा अधिक वजन आहे.

खोक्यातील पुस्तकापासून फाइलपर्यंत

ब्रूस आर्टविक यांनी तयार केलेला मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला, तेव्हा पडद्यावरची दृश्ये म्हणजे काही रेषा आणि रंगाचे पट्टे एवढीच होती. वाट शोधायची ती रेडिओ-दीपांच्या आधारे, आणि त्या दीपांचे नकाशे खोक्यातील छापील पुस्तकात असत. पुस्तक हरवले तर अर्धा सिम्युलेटर हरवल्यासारखे होई. पुढे १९९८ च्या ‘फाल्कन ४.०’ या लढाऊ विमानाच्या खेळासोबत तर जवळजवळ ६०० पानांची, कड्यांच्या फाइलमध्ये बसविलेली पुस्तिका आली. तिचे वजन हातात घेऊनच अनेकांनी खेळाची किंमत मान्य केली असावी.

१९९३ मध्ये पीडीएफ हा प्रकार अवतरला आणि कंपन्यांचा छपाईचा खर्च वाचू लागला. मायक्रोसॉफ्टच्या २००३ मधील आवृत्तीत धडे आणि माहिती प्रामुख्याने सिम्युलेटरच्या आतच ‘लर्निंग सेंटर’मध्ये होती. २०२० च्या आवृत्तीची दहा डीव्हीडींची खोकी युरोपात एअरोसॉफ्ट या जर्मन कंपनीने विकली, तीत छापील पुस्तिका पुन्हा दिसली. पण तो अपवाद ठरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत बरीचशी सामग्री इंटरनेटवरून उड्डाणाच्या वेळीच खाली उतरते आणि कॉकपिटमध्येच एक टॅब्लेट दिलेला असतो. प्रकाशनाच्या दिवशी सर्व्हरवर ताण आला, तेव्हा अनेकांना ९७ टक्क्यांवर अडकलेली पट्टी पाहत बसावे लागले. त्या दिवशी ज्यांच्याकडे वाचायला काही छापील होते ते तुलनेने सुखी म्हणायचे.

खऱ्या कॉकपिटमध्ये काय झाले

छंदिष्टांना नेहमी खऱ्या वैमानिकांचे उदाहरण हवे असते. एलरे जेपसन या अमेरिकी वैमानिकाने उतरण्याच्या जागांच्या नोंदी एका छोट्या वहीत टिपून ठेवल्या आणि १९३४ पासून त्यांच्या प्रती १० डॉलरला विकल्या. आजच्या विमान-नकाशांच्या मोठ्या व्यवसायाचे मूळ त्या वहीत आहे. पुढे या नकाशांचे इतके खंड झाले, की वैमानिकाची बॅग सोळा-सतरा किलोंची होऊ लागली. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या ताफ्यात त्या बॅगेची जागा टॅब्लेटला दिली. वजन गेले, इंधन वाचले. आणि एप्रिल २०१५ मध्ये त्याच कंपनीच्या टॅब्लेटवरील नकाशांचा प्रोग्रॅम बंद पडल्याने कित्येक उड्डाणे खोळंबली.

तरीही आणीबाणीत उघडायची छोटी पुस्तिका अनेक विमानांत आजही कागदाची आहे. चेकलिस्टचा इतिहास पाहिला म्हणजे याचे कारण कळते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे बॉम्बर विमान उड्डाण करताच कोसळले. जमिनीवर असताना सुकाणू पक्के करून ठेवणारी कळ काढावयाची राहून गेली होती. अनुभवी वैमानिक हाती असूनही दोघांचा मृत्यू झाला. विमान माणसाच्या स्मरणशक्तीला झेपेनासे झाले आहे, हे ओळखून लष्कराने पुढे जी छोटी यादी केली, तिची वंशावळ प्रत्येक सिम्युलेटरच्या पुस्तिकेपर्यंत पोहोचते. ही यादी लांबलचक नको, हाताशी हवी, आणि ती पाहताना समोरची खिडकी झाकली जाता कामा नये. एकच पडदा असलेल्या घरच्या संगणकावर पीडीएफ उघडली की नेमकी तीच खिडकी झाकली जाते.

काय शिळे होते, काय होत नाही

सगळी पाने एकाच वेगाने जुनी होत नाहीत. वादात ही गोष्ट बहुधा विसरली जाते. हवाई मार्ग, रेडिओच्या वारंवारिता, उतरण्याचे नकाशे यांच्या सुधारणांचे आंतरराष्ट्रीय चक्र २८ दिवसांचे आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आपले अधिकृत वैमानिक माहितीपत्रक संकेतस्थळावर ठेवते. नागपूरचा नकाशा तेथे फुकट पाहता येतो. असा नकाशा छापून बांधून ठेवणे म्हणजे पंचांग बांधून ठेवण्यासारखे आहे. शिकागोचे मेग्ज फील्ड हे मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरचे वर्षानुवर्षे आरंभस्थान होते. मार्च २००३ च्या अखेरीस एका रात्री तेथील महापौरांच्या आदेशाने बुलडोझर लावून त्याची धावपट्टी उखडण्यात आली. जुन्या पुस्तकांत ती अजून शाबूत आहे. आपल्याकडे हैदराबादची प्रवासी वाहतूक मार्च २००८ मध्ये बेगमपेठहून शमशाबादला गेली, तेव्हा २००६ ची सिम्युलेटर आवृत्ती घेऊन बसलेल्यांकडे नवा विमानतळच नव्हता. बेलोऱ्याची धावपट्टी पूर्वी १,३७२ मीटर होती, ती वाढवून १,८५० मीटर करण्यात आली. जुन्या प्रिंटवर विसंबणाऱ्याला एटीआर तेथे कसे उतरते याचे कोडे पडेल.

विमानाच्या स्वतःच्या पुस्तिकेचे तसे नाही. तिचा पाया वर्षानुवर्षे टिकतो. अट एवढीच, की ती त्याच विमानाची हवी. १९७० च्या दशकातील सेस्ना १७२-एन आणि नंतरची १७२-एस बाहेरून सख्ख्या बहिणी दिसतात. एन जातीत कार्ब्युरेटर आहे. त्यात बर्फ धरू नये म्हणून उतरताना कार्ब्युरेटरला उष्णता देण्याची कळ ओढावी लागते. एस जातीत इंधन थेट इंजेक्ट होते, त्यामुळे ती कळच नाही. इंजिन बंद पडल्यास तरंगत जाण्याचा वेग पहिलीत ६५ नॉट, दुसरीत ६८. सिम्युलेटरमध्ये बहुधा एस असते आणि इंटरनेटवर फुकट सापडणारी स्कॅन केलेली प्रत अनेकदा एनची. मग नवशिका नसलेली कळ तासभर शोधत बसतो. पायपर आर्चरची तऱ्हा आणखी निराळी. सेस्नाचे पंख वर असल्याने इंधन आपोआप खाली येते आणि दोन्ही टाक्या एकत्र चालू ठेवता येतात; आर्चरचे पंख खाली, टाकी डावी किंवा उजवी यांपैकी एकच निवडावी लागते आणि ती ठरावीक वेळाने बदलावी लागते. सेस्नाच्या सवयीने आर्चर उडविणाऱ्याचे इंजिन एका टाकीत इंधन शिल्लक असतानाच बंद पडते. सिम्युलेटरमध्ये यावर पुन्हा सुरुवात करण्याचे बटण आहे. बेलोऱ्यात शिकायला जाणाऱ्याला ते मिळणार नाही.

पुस्तिकेतील सर्वांत कमी वाचली जाणारी आणि वऱ्हाडात सर्वांत उपयोगी पाने कामगिरीच्या तक्त्यांची. अमरावतीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३४० मीटर, म्हणजे ११०० फुटांच्या आसपास. या उंचीवर प्रमाण तापमान १३ अंशांच्या जवळ धरतात. मे महिन्यात पारा ४४ वर गेला, की फरक ३१ अंशांचा होतो. दर अंशाला सुमारे १२० फूट या ढोबळ नियमाने त्याचे ३,७०० फूट होतात. ते मूळ उंचीत मिळविले की हवेची घनता पावणेपाच ते पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठरते. विमानाच्या दृष्टीने त्या दुपारी बेलोरा सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याहूनही वर असते. इंजिनाची ताकद घटते, धावपट्टी अधिक लागते, चढण मंदावते. सेस्ना १७२-एसच्या पुस्तिकेतील उड्डाण-अंतराचा तक्ता ४० अंशांच्या रकान्याशी संपतो. अमरावतीचा मे तेथे संपत नाही. अशा वेळी पट्टी आणि पेन्सिल घेऊन दोन रकान्यांतील फरक काढणे कागदावर जितके सोपे, तितके पडद्यावर नाही.

वाचणाऱ्याची बाजू

कागदावरचे अधिक लक्षात राहते, हे केवळ जुन्या माणसांचे म्हणणे नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र तपासण्यात आले; सहभागींची संख्या १ लाख ७० हजारांवर होती. माहितीपर मजकूर आणि वेळेचे बंधन असेल, तर कागदाचे पारडे जड ठरले. कथेच्या बाबतीत फरक आढळला नाही. सिम्युलेटरची पुस्तिका पहिल्या वर्गात मोडते, हे सांगायला नको. उलट ‘फ्लॅप’ हा शब्द चारशे पानांत कोठे कोठे आला आहे, हे पडदा क्षणात दाखवितो, कागद नाही.

भाषेचा प्रश्न वेगळाच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाला ‘मिक्श्चर’ किंवा ‘ट्रिम’ या शब्दांचा कोशातला अर्थ उपयोगी पडत नाही; कळ ओढल्यावर इंजिनात काय होते, हे त्याला आपल्या शब्दांत समासात लिहून ठेवावे लागते. छापील पानाला समास असतो. पीडीएफवरही टिपणे करता येतात, पण मोबाइलवर मराठीत टंकित करत टिपण ठेवणारे थोडे. विजेचीही आठवण काढायला हवी. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे अनेक तास भारनियमन असे; त्या काळात छंद जडलेल्यांचे सिम्युलेटर वीज गेली की बंद पडे आणि पुस्तिकेचे वाचन सुरू होई.

खर्चाचा हिशेब मात्र पडद्याच्या बाजूने आहे. झेरॉक्सच्या दुकानात पानाला दोन रुपये धरले, तरी चारशे पानांचे आठशे रुपये होतात, बाइंडिंग वेगळे. आणि नवी सुधारणा आली की त्यातली काही पाने रद्दीत. संपूर्ण पुस्तिका छापण्याचा सोस त्यामुळे परवडणारा नाही आणि गरजेचाही नाही. चेकलिस्ट, वेगांचा तक्ता, आणीबाणीची पाने आणि कामगिरीचे तक्ते एवढी वीस-पंचवीस पाने पाठपोट न छापता एकाच बाजूने छापावीत. कोऱ्या बाजूवर टिपणे होतात. बाकीचा ग्रंथ जुन्या मोबाइलवर किंवा टॅब्लेटवर शेजारी उघडा ठेवावा, म्हणजे मुख्य पडदा मोकळा राहतो. नकाशे उड्डाणाच्या दिवशीच संकेतस्थळावरून पाहावेत. विकत घेतलेल्या पुस्तिकेची स्वतःपुरती प्रत काढणे वेगळे आणि ती झेरॉक्स करून विकणे वेगळे. दुसऱ्याला कॉपीराइट कायदा आडवा येतो. छापलेल्या पहिल्या पानावर विमानाची नेमकी जात, पुस्तिकेची आवृत्ती आणि छपाईची तारीख शाईने लिहावी, आणि त्याखाली ‘खऱ्या उड्डाणासाठी नाही’ ही ओळही. बहुतेक सिम्युलेटर पुस्तिकांवर ती इंग्रजीत छापलेली असतेच, पण ती ज्या पानावर असते, ते पान नेमके कोणी छापत नाही.